हवालदाराचा पहारा

सुभानपुरा, बडोदे
१० जुलै २००५

चि. रणवीर,

तुला माझा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव, मी पाठवायचं सोडत नाही.

पाकिटावर आईचं अक्षर आणि आत माझं, हे बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी आई. पूर ओसरला. विश्वामित्रीचं पाणी अकोट्याच्या बाजूला घराघरांत शिरलं होतं, आपल्या गल्लीत घोट्याएवढं आलं आणि दोन दिवसांत गेलं. लाईट नव्हती म्हणून तुझ्या आईची चिडचिड झाली, बाकी काही नाही. पत्ता तिने लिहून दिला. माझं इंग्रजी स्पेअर पार्टच्या खोक्यांवरचं वाचण्यापुरतं, ते ऑकलंडपर्यंत पोचणार नाही.

नऊ वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस. रविवारचा फोन मी उचलला की तू म्हणतोस, ‘आईला द्या.’ मी रिसीव्हर पुढे करतो आणि पेपर उघडून बसतो. पेपर वाचत नाही. इंदिरेच्या बाजूचं बोलणं ऐकतो. तुझ्या बाजूचं ती नंतर सांगते, तिच्या मर्जीप्रमाणे.

गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर तिने माझ्या हातातला पेपर काढून घेतला. मग म्हणाली, आपल्या नातीने, मितालीने, कुत्र्याचं पिल्लू मागितलं. शेजारी पिल्लं झालीत, ते एक द्यायला तयार आहेत. तू नाही म्हणालास. सूनबाईंनी पोरीची बाजू घेतली तेव्हा म्हणालास, ‘माझ्या भरवशावर जीव ठेवू नका. एक घालवलाय मी.’ आणि पोर जेवली नाही.

मी इंदिरेला म्हटलं, वेडा आहे तो. तीच गोष्ट इथे लिहितो. वेडेपणा करू नकोस. ओरसंग नदीच्या काठी जे झालं त्याला नऊ वर्षं झाली. त्या पोरीचा त्याच्याशी काय संबंध? पाऊस होता, भांडण झालं होतं, तेविसाव्या वर्षी डोकं ठिकाणावर असतंच असं नाही. माणसाच्या हातून चूक होते. मी ती केव्हाच मनातून काढून टाकली आहे. तूही टाक.

पिल्लू आण. एवढं सांगायलाच लिहिलं.

आबा


सुभानपुरा
२४ जुलै २००५

रणवीर,

उत्तर नाही. आलं असतं तर मीच घाबरलो असतो. आजच्या फोनवर तू आईला म्हणालास म्हणे, ‘आबांना सांग, मी मनातून काढलेलं नाही.’ बरं. मग मलाही ते काढून समोर ठेवू दे. आठवणींचं काय, त्या सगळ्या नदीकाठच्या त्या रविवारच्याच असतात असं नाही. शनिवारही होता.

ती घरगाडी तू विसरला नसशील. शाळेने काढून टाकलेली मॅटाडोर आणली, आतली बाकं उपटली, दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, मधे घडीचं टेबल, मागे गॅसचा कट्टा, छतावर पाण्याची टाकी. गोरव्याच्या आपल्या गाड्यांच्या शेडमध्ये सहा महिने मी दुसरं काम हातात धरलं नाही. रिफायनरीत आलेल्या त्या गोऱ्या साहेबाने मला त्याच्या पुस्तकात फोटो दाखवला होता, तिकडे लोक घर चाकांवर घेऊन फिरतात. मी म्हटलं, आता आपल्याकडेही जो तो मारुती घेतोय, परदेशी कंपन्या येतायत, उद्या लोक असंच फिरणार. कंपन्यांच्या बसच्या सीटा शिवत किती दिवस बसायचं? पहिली घरगाडी आपली, मग ऑर्डरी. बाप बॉडी बांधणार, मुलगा डिप्लोमावाला, हिशेब जुळत होता. माझ्या डोक्यात.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी निघालो तेव्हा भुरभुर होती. तू, मी, आई आणि दोन कुत्री. बुंदी आईच्या मांडीवर, स्वतःला महाराणी समजणारी ती पांढरी पॉमेरियन. हवालदार तुझ्या पायांशी. उंच पायांचा, छाती पुढे काढून बसणारा आपला हवाल्या. तुझ्या हातचं खायचा, माझ्या हातचं हुंगायचा. मी तोंडाने काही बोललो नाही, पण मला ते टोचायचं. चाळीस दिवसांचं पिल्लू पिशवीतून मीच आणलं होतं ना.

संखेड्याच्या पुढे ओरसंगच्या काठी बाभळींखाली गाडी लावली आणि पाऊस जो धरला तो सुटेना. संध्याकाळी छत गळायला लागलं. नेमकं मी स्वतः झाळलेल्या सांध्यातून. आईने तपेली लावली, बुंदीने ती तपेली पिऊन टाकली, तू इतका हसलास की फळीवरून खाली आलास. मी रागावलो होतो, पण मलाही हसू येत होतं. आईने गॅसवर पिठलं केलं. चौघं, म्हणजे तिघं आणि एक कुत्रं, एका फळीवर दाटीवाटीने बसून जेवलो. बुंदी टेबलावर. नंतर तू हवाल्याची ओली पाठ माझ्याच टॉवेलने पुसलीस. त्याच्यापेक्षा चांगली संध्याकाळ मला नंतर मिळाली नाही. हे तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी पावसाने थोडी उसंत दिली. आपण खाली वाळूवर ताडपत्री बांधली, स्टोव्ह, खुर्च्या, भांडी सगळं तिथे नेलं. माकडं घिरट्या घालत होती म्हणून तू हवाल्याला पहाऱ्यावर बसवलंस.

मितालीला हे कधी सांगितलं आहेस की नाही कोण जाणे, म्हणून लिहून ठेवतो. तुझे खापरपणजोबा बडोद्याच्या पागेत होते. घोड्यांबरोबर कुत्री असत आणि कुत्र्यांनाही पहारा असे. ‘पहारा’ म्हणून बसवायचं. उठवताना कपाळावर तळवा टेकायचा आणि ‘पहारा सुटला’ म्हणायचं. ज्याने बसवलं त्यानेच सुटका करायची, दुसऱ्याने लाडू दाखवला तरी जनावर हलत नसे. फौज गेली, पागा गेली, घोडे गेले. आम्ही हे तेवढं धरून ठेवलं. दसऱ्याला तलवारीबरोबर कुत्र्यालाही गंध लावणारं दुसरं घर आपल्या गल्लीत नव्हतं.

जेवताना तू सांगितलंस की न्यूझीलंडची कागदपत्रं आली. मी म्हटलं, आणि घरगाडी? तू म्हणालास, ‘आबा, कोण स्वतःचं पक्कं घर सोडून गळक्या गाडीत झोपायला जाणार? लोकांना हॉटेल पायजे.’ पुढे मी काय बोललो ते तुला पाठ असेल. शेडचा मालक व्हायची लायकी नाही म्हणून परमुलखात चाकरी करायला पळतोयस, असं म्हटलं मी. तू बॅग घेतलीस आणि रस्त्याकडे चालू लागलास.

पुढचं तुला माहीत आहे.

आबा


सुभानपुरा
७ ऑगस्ट २००५

रणवीर,

पुढचं तुला माहीत नाही.

हे वाक्य लिहून पंधरा मिनिटं झाली. आई आत ज्वारी निवडतेय. हे पत्र तिच्याच हातून पाकिटात जाणार, म्हणजे तीही वाचणार. वाचू दे.

तू जाताना हवाल्याला सोडलं होतंस. रागात होतास, तरी ताडपत्रीखाली वाकलास, त्याच्या कपाळावर तळवा टेकलास आणि ‘पहारा सुटला’ म्हणालास. मी खुर्चीत बसून पाहिलं. तो उठला, अंग झाडलं आणि तुझ्या मागे निघाला. तू मान वळवली नाहीस. बाभळींपर्यंत तो गेला तेव्हा मी शीळ घातली. तो थांबला. तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा शीळ घातली. तसा आला परत, शिकवलेलं जनावर होतं. मी त्याचा पट्टा धरून ताडपत्रीखाली नेलं आणि पहाऱ्यावर बसवलं. मी बसवलं.

का, ते विचारशील. मुलगा चाललाय, कुत्रा तरी जाऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मग पाणी आलं. एकदम आलं. वर छोटा उदेपूरकडे रात्रभर झोडपलं होतं, इथे मोकळी वाळू आणि बघता बघता तपकिरी लोट. गाडीची मागची चाकं चिखलात फिरत होती. आई बुंदीला काखेत मारून चाकाखाली दगड घालत होती. मी स्टिअरिंगवरून हवाल्याला हाका मारल्या. तो उठून उभा राहिला आणि परत बसला. तळवा टेकल्याशिवाय कसा येईल? गाडी वर निघाली तोवर मधे पाणी होतं. मी काही करू शकलो नाही.

तासाभराने तू परत आलास, बस मिळाली नाही म्हणून की आमची काळजी वाटली म्हणून, मी विचारलं नाही. नखशिखांत भिजलेला. पहिलं वाक्य, ‘हवाल्या कुठाय?’ आणि मी म्हणालो, ‘तूच बसवून गेलास ना? सोडायचं विसरलास.’

आधी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण गेल्यावर तुझा चेहरा पाहिला आणि तरी परत घेतलं नाही, ते मात्र ठरवून. तू स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिलास. आई रडत होती, ती म्हणाली, ‘एक मुकं जनावर सांभाळता येत नाही आणि परदेशात जाऊन काय करणार?’ ती माझ्या शब्दावर गेली. अंधार पडेपर्यंत तू काठाकाठाने बहादरपूरच्या बाजूला त्याला हाका मारत चालत होतास. मी गाडीतून मागे मागे. तेव्हा सांगता आलं असतं. चार महिने तू घरात होतास, तेव्हा सांगता आलं असतं. निघताना तू आईच्या पाया पडलास आणि माझ्याही पडलास, तेव्हा तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी उभा होतो.

घरगाडी मी पुन्हा बाहेर काढली नाही. फळ्या काढून टाकल्या, तिचा टेम्पो केला, पादरा गावी शाळेची बाकं पोचवायला जातो. लोक विचारतात, छान कल्पना होती, सोडली का? मी म्हणतो, मुलगा गेला. तिथेही तुझ्याच नावावर टाकलं.

तू कोणाचा जीव घालवलेला नाहीस. आण ते पिल्लू.

आबा


सुभानपुरा
११ सप्टेंबर २००५

चि. रणवीर,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर. तसंच आहे, शेवटची ओळ वर चढणारी.

आधी आईचं सांगतो. मागचं पत्र तिने उभ्याने वाचलं, पत्ता लिहिला, चिकटवलं आणि पोस्टात स्वतः जाऊन टाकून आली. त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी अक्षर बोलली नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. बाराव्या दिवशी म्हणाली, ‘ते वाक्य मी बोलले होते. माझ्या पोराला मी बोलले होते, तुमच्यामुळे.’ आणि आत गेली. तुझं पत्र आल्यावर तिने माझ्यासमोर वाचून दाखवलं. शेवटी तिने कागद माझ्याकडे दिला, पुढचं मी वाचलं.

तू लिहिलंस, तुला तेव्हाही तळव्याला त्याचं ओलं कपाळ आठवत होतं. पण आबा म्हणाले सोडायचं विसरलास, म्हणजे ती आठवण शनिवारची असेल, असं तू स्वतःला पटवलंस. कारण आबा खोटं बोलत नाहीत. हे वाक्य मी पुन्हा वाचू शकलेलो नाही.

एवढ्यावर तू थांबायला हवं होतंस. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्यास. पण तू लिहिलंस, ‘पाणी अचानक आलं, तिथे तुमचा काय इलाज होता? मीही घाईत तळवा नीट टेकला नसेल, म्हणून तो तुमच्या शिळेवर परत आला असेल. निम्मी चूक माझी धरा. दिवाळीला आम्ही तिघं येतो. मिताली तुम्हाला बघायचं म्हणते.’

आईने भिंती पुसायला काढल्या आहेत. वरच्या खोलीला रंग कोणता द्यायचा म्हणून शेजारच्या गणपतरावांच्या घरी दोनदा जाऊन आली. मितालीला चकली तिखट लागेल का, विचारते. नऊ वर्षांत तिला असं चालताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मी हे पत्र लिहायला बसलो आहे. दिवाळीनंतर लिहिलं असतं तरी चाललं असतं. किंवा नसतंच लिहिलं तर कोणाला कळणार होतं? तिथे होता कोण? पण तू निम्मी चूक मागून घेतलीस. ती मी देऊ शकत नाही, माझ्याकडे तुझ्या नावाची काहीच चूक नाही.

पाणी अचानक आलं नव्हतं.

हवाल्याला बसवून मी खुर्चीत येऊन बसलो तेव्हा वरच्या बाजूने एक म्हातारा बकऱ्या घेऊन घाईने चढत होता. थांबून म्हणाला, ‘काका, उपर बहु वरसाद छे. नदी आवशे. गाडी ने सामान बधू उपर लई लो.’ पूर येतोय, सगळं वर घ्या, इतकं साफ सांगितलं त्याने. मी म्हटलं, बघतो. तो आणखी एकदा म्हणाला. मी मान दुसरीकडे वळवली. मुलगा तोंडावर बोलून गेलेला, त्यात कोणी बकऱ्यावाला मला शहाणपण शिकवतो, असा माझा ताठा. आई गाडीत पडली होती, तिने ऐकलं नाही. त्यानंतर चांगला अर्धा तास मी तिथेच बसून होतो.

मग वाळूवर पाणी आलं. आधी बोटभर. मी खुर्च्या उचलल्या, स्टोव्ह उचलला, दोन फेऱ्या मारून सगळं गाडीत नेऊन ठेवलं. रणवीर, दोन फेऱ्या. हवाल्या हातभर अंतरावर बसलेला, शेपटी वाळूवर आपटत होता. दोन्ही वेळा मी त्याच्या शेजारून गेलो. हात मोकळा करून तळवा टेकायला किती वेळ लागतो ते तुला सांगायला नको.

मला वाटलं, आता सोडला तर हा सरळ रस्त्याकडे धावेल. तुझ्याकडे. गाडी वर काढू, मग येऊन पट्ट्याने बांधून नेऊ. म्हणून ठेवला. विसरलो नाही, घाबरलो नाही. मुद्दाम ठेवला. मग गाडी रुतली आणि पाणी वाढलं, हे खरं, पण त्याच्या आधीचं हे आहे.

आणि एक. गाडी वर आल्यावर मी उतरून काठावर धावलो होतो. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. मी ओरडत होतो, ‘सुटला, पहारा सुटला.’ मला वाटलं होतं तो तू गेलास त्या रस्त्याकडे बघत असेल. तो माझ्याकडे बघत होता. शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होता.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिला मी सांगणार आहे, पण तू ठरवल्यावर. पत्ता तुझ्या पाकिटावरून बघून मीच काढला आहे, वाकडातिकडा असेल.

हे वाचून यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी कारण विचारणार नाही. आईला मात्र तूच फोन करून सांग, रविवारी. फोन ती उचलेल. मी त्या वेळी घरात नसेन.

बळवंतराव